पलंग परत कधी मागायचा

काकू,

काल मी तुमचा नियम मोडला की पाळला, ते मला अजून ठरवता येत नाहीये. तुम्ही असतात तर एका वाक्यात निकाल दिला असता आणि मी तो मान्य न करता घरी गेलो असतो. तुमचं तेरावं अजून व्हायचंय. त्या दिवशी चार लोक बोलतील, चांगलंच बोलतील. तुमची शाळा, तुमच्या विद्यार्थिनी, तुमची समाजसेवा, सगळं येईल. मलाही बोलायला सांगितलंय. पण मला जे बोलायचंय ते सगळं पलंगाबद्दल आहे, आणि हार घातलेल्या फोटोसमोर उभं राहून पलंगाबद्दल किती बोलणार? म्हणून आधी तुम्हालाच लिहितो.

आपली ‘टेकू’ संस्था कशी सुरू झाली असं कोणी विचारलं की तुम्ही म्हणायचात, “सासूबाईंची कृपा.” ऐकणाऱ्याला वाटायचं, सासूबाईंची शेवटची इच्छा वगैरे असेल. सासूबाईंची शेवटची इच्छा गरम कचोरीची होती, हे तुम्हीच मला सांगितलंत. त्या गेल्या आणि मागे राहिले एक हँडल फिरवून डोकं वर करायचा लोखंडी पलंग, एक वॉकर आणि एक चाकाची खुर्ची. काका म्हणाले, भंगारवाल्याला बोलावतो. भंगारवाला यायच्या आत शेजारच्या बाई वॉकर मागायला आल्या, त्यांच्या सासऱ्यांचा पाय मोडला होता. तुम्ही दिलात. एवढीच आपली स्थापना.

पुढचं कोणी ठरवलं नव्हतं. आपल्या फ्रीगंज भागात बातमी पसरली की मास्तरीणबाई आजाऱ्याचं सामान वापरायला देतात, आणि ज्यांच्या घरी असं सामान पडून होतं त्यांनी ते आणून ठेवायला सुरुवात केली. लोक मांजराची पिल्लं जशी दुसऱ्याच्या दारात सोडतात, तसे वॉकर सोडून जायचे. न सांगता, सकाळी सकाळी. काका दूध घ्यायला बाहेर पडले की कशाला तरी अडखळायचे. “ही संस्था नाही, भंगारखाना आहे,” ते ओरडायचे, “आणि पेन्शन घेऊन मी याचा चौकीदार झालोय!” तुम्ही आतून म्हणायचात, “मग भंगाराला पाय लावू नका, नमस्कार करा.”

मी तेव्हा वरच्या खोलीत भाड्याने राहत होतो. महिदपूरहून आलेला, बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला, घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिलाच. तुम्ही मला जिन्यावर थांबवून विचारलंत, “दिनेश, तुला पलंग खोलता येतो का?” मी हो म्हणालो. येत नव्हतं. पण माझे वडील लग्नात स्वयंपाक करणारे आचारी, त्यांच्याबरोबर मांडवाचे पाईप खोलले होते. पलंगात काय वेगळं असणार? त्या दिवशी काकांनी मला पाना दिला, तो अजून माझ्याकडे आहे. काका मला तेव्हा ‘भाडेकरू’ म्हणायचे. आता माझं स्वतःचं घर आहे, बायको आहे, सरकारी शाळेत नोकरी आहे, आणि काका अजून मला ‘भाडेकरू’च म्हणतात.

नोंदणी करायची वेळ आली तेव्हा सात सभासद लागतील असं कळलं. आपण मोजले तर सहा भरले. काकांना विचारलं. ते म्हणाले, “रेल्वेत आयुष्यभर सह्या केल्या. आता फक्त पोस्टमनसमोर करणार.” शेवटी तुम्ही दूधवाल्या रामलालला सातवा केलंत. तो आजही दारात उभा राहून नव्या गिऱ्हाइकाला सांगतो, “मैं इस संस्था का संस्थापक सदस्य हूँ.” दूध मात्र तेवढंच पातळ देतो.

काकांनी सही केली नाही, तरी संस्थेने त्यांना सोडलं नाही. त्या क्लबवाल्यांचा प्रसंग आठवतो ना? दोन नव्या चाकाच्या खुर्च्या घेऊन ते आले. अध्यक्ष, सचिव, बॅनर, फोटोवाला. सगळं होतं, फक्त खुर्चीत बसायला कोणी नव्हतं. अध्यक्ष म्हणाले, “मॅडम, कोई पेशंट?” तुम्ही म्हणालात, “पेशंट घरी असतात, गोदामात नसतात.” तेवढ्यात काका आतून बाहेर आले. त्यांना फक्त चहा झाला का विचारायचं होतं. अध्यक्षांनी त्यांना हाताला धरलं, “आइए दादा, आराम से, आराम से,” आणि काका काही बोलायच्या आत बसवलंसुद्धा. गळ्यात हार पडला. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला: काका खुर्चीत, चेहरा असा की जणू आजच पाय गेले, आणि खाली ‘लाभार्थी वृद्ध’. इंदूरहून तुमच्या लेकीचा, सीमाताईंचा, रडत रडत फोन आला. काकांच्या नागपूरच्या मेहुण्यांनी तर थेट गाडीचं तिकीट काढलं. काका आठवडाभर तुमच्याशी बोलले नाहीत, माझ्याशी त्याहून जास्त. तुम्ही मला बाजूला घेऊन म्हणालात, “एक शिकलास का? देणगी देणाऱ्यालाही आधाराची गरज असते. त्याला कोणीतरी बसलेलं दिसावं लागतं.” हसू आवरता आवरत नव्हतं तुम्हाला.

पण मूळ गोष्ट रामघाटाची. आपलं भांडण तिथून सुरू झालं.

एका घरी आपला पलंग होता. त्यांचे बाबूजी गेले. तुमचा तेव्हाही रिवाज होता की तेरावं होईपर्यंत त्या घरी सामानाचा विषय काढायचा नाही. तेरावं झाल्यावर आपण दोघं गेलो. मोठा मुलगा हात जोडून म्हणाला, “मैडम, वो तो दान में चला गया.”

“कशात?”

“शय्यादान में. बाबूजी को वो पलंग बहुत पसंद था. हमने सोचा, वही देंगे तो उनको वहाँ आराम मिलेगा.”

गादी, उशी, छत्री, चपला, पितळेचा तांब्या आणि आपला पलंग! तुम्ही शांतपणे विचारलंत, दान घेणारे पंडितजी कुठे राहतात. आणि आपण तिघं, तो मुलगाही, रामघाटाच्या मागच्या गल्लीत गेलो.

पंडितजी त्याच पलंगावर होते. डोक्याकडची बाजू छान वर केलेली, हातात पानाचा डबा. आपल्याला बघून उठले नाहीत, कारण त्या पलंगावरून पटकन उठता येतच नाही. तुम्ही सगळं सांगितलंत. ते म्हणाले, “माताजी, दान वस्तु से नहीं, भाव से होता है. भाव इनका था.”

“पण पलंग आमचा होता.”

“अब बाबूजी का है. हम तो बस रख रहे हैं. यहाँ से उठाओगी तो वहाँ बाबूजी जमीन पर आ जाएँगे.”

हे ऐकून मुलगा घाबरला. “मैडम, रहने दो, मैं दूसरा ला दूँगा आपको!” मला वाटलं, संपलं. पण तुम्ही आयुष्यभर मुलींना गणित शिकवलेलं. तुम्ही पदर खोचलात आणि विचारलंत, “पंडितजी, एक बताइए. वहाँ बाबूजी की कमर दुखती होगी?”

“कहाँ से दुखेगी? वहाँ रोग नहीं होता.”

“घुटने?”

“कुछ नहीं.”

“मग हा हँडलवाला पलंग त्यांना वर कशाला? चांगल्या माणसाला कोणी आजाऱ्याच्या पलंगावर झोपवतं का? उलट ते म्हणत असतील, इकडे येऊनही सुटका नाही!”

पंडितजींनी पान चघळायचं थांबवलं. खरंच विचार केला त्यांनी, मी बघत होतो. मग म्हणाले, “बात तो है.” संध्याकाळपर्यंत मुलाने एक साधा लाकडी पलंग आणून दिला, पंडितजींनी पुन्हा मंत्र म्हटले, आणि आपला पलंग सुटला. निघताना ते हळूच म्हणाले, “माताजी, वॉकर मिलेगा क्या? अम्मा के लिए.” तेव्हापासून ते कोणाचंही शय्यादान घेताना आधी विचारतात, “यजमान, पलंग घर का है, या टेकूवालों का?”

पण लोडिंग रिक्षात पलंगाशेजारी बसून मी तुम्हाला म्हणालो, काकू, हे झालं कारण आपण तेरा दिवस थांबतो. तिसऱ्या दिवशी गेलो असतो तर काहीच घडलं नसतं. आणि दान राहू द्या, या तेरा दिवसांत दुसरा कोणीतरी जमिनीवर पडून वाट बघत असतो. त्याचं काय?

तुम्ही म्हणालात, “ज्या घरात माणूस गेलाय, त्या घरात वस्तू मागायला जायचं नाही. मागे राहिलेला माणूस नाही म्हणू शकत नाही, म्हणून मागायचं नाही.”

“आणि जो जमिनीवर आहे तो?”

“त्याच्यासाठी दुसरा पलंग शोध. धावपळ तू कर. दुःखातल्या माणसाला करायला लावू नकोस.”

हे भांडण आपण किती वर्षं केलं! टॉवर चौकात पोह्यांच्या गाडीवर, तुमच्या स्वयंपाकघरात, माझ्या लग्नाच्या मांडवातसुद्धा. माझी बायको म्हणाली होती, हे दोघं कुठल्या पलंगाबद्दल बोलतायत, आजच्या दिवशी? मला तुमचं म्हणणं कधी पटलं नाही. आणि मी तुमच्याविरुद्ध कधी गेलोही नाही.

तुम्ही मात्र त्या नियमाभोवती एक अख्खी पद्धत बसवलीत. महिन्यातून एकदा सगळ्या घरी फोन. ‘सामान कधी देणार’ हा प्रश्न तुमच्या तोंडून कधी आला नाही. तुम्ही विचारायचात, “पहिये में तेल डाला? आवाज तो नहीं करता?” समोरचा म्हणाला, ‘करता है’, तर माणूस आहे. समोरचा गप्प राहिला, तर तुम्ही पुढचा शब्द सामानाबद्दल काढायचा नाहीत, “खाना खाया?” एवढंच. आणि एखाद्या घरी गेल्यावर आपल्या वॉकरवर पापड वाळत घातलेले दिसले की तुमचा चेहरा असा उजळायचा! मी म्हणायचो, काकू, हा गैरवापर आहे. तुम्ही म्हणायचात, “अरे, म्हातारी चालायला लागली! ही आपल्या वर्षाची कमाई आहे. दोन पापड घेऊन चल.”

मग तुम्ही आजारी पडलात. डॉक्टरांनी पलंग सुचवला. मी म्हणालो, लगेच आणतो. तुम्ही म्हणालात, यादीत माझ्या आधी कोण आहे? दोघं होते. “मग मी तिसरी.” रोज सकाळी मला फोन, “आज मी कितवी?” जणू दवाखान्याबाहेरचा नंबर. पलंग आला, तुम्ही त्यावर झोपलात आणि पहिल्याच दुपारी मला शाळेतून बोलावून घेतलंत. मी धावत आलो, काय झालं म्हणून.

“हा हँडल फिरवून बघ.”

फिरवला.

“किती कडक आहे! इतकी वर्षं आपण लोकांना हे देत होतो? आणि ही गादी मधोमध खड्ड्यात जाते. आणि डोकं वर केलं की माणूस खाली घसरतो, पायाकडे अडसर हवा. लिहून घेतोस का नुसता उभा राहतोस?” मग थोडा दम घेऊन तुम्ही म्हणालात, “संस्था काढणाऱ्याने पहिल्याच दिवशी आपल्या पलंगावर झोपून बघावं. मी शेवटी झोपले. हे आपलं चुकलं.”

मी गॅरेजवाल्याकडून अडसर वेल्ड करून आणला, हँडलला ग्रीस लावलं. तुम्ही तपासलंत आणि मार्क दिलेत. शंभरपैकी पासष्ट. मी तुमच्या हाताखाली याहून जास्त कधीच मिळवले नाहीत.

एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहून गेली. माझा बी.कॉम.चा निकाल लागला तेव्हा वडील महिदपूरहून आले होते. ते तुमच्या घरात बसायला तयार नव्हते, दारातच उभे. मोठ्या घरांत आचारी मागच्या दाराने जातो, तेवढंच त्यांना माहीत. तुम्ही आत गेलात, तुमच्या सासूबाईंची चाकाची खुर्ची ढकलत आणलीत आणि म्हणालात, “तुम्ही बसत नाही तर ही खुर्ची बसवल्याशिवाय सोडत नाही.” वडील इतके गोंधळले की बसले. तुम्ही त्यांना तसंच ढकलत दिवाणखान्यात नेलंत, आणि माझे वडील, ज्यांना मी कधी मोठ्याने हसताना पाहिलं नव्हतं, ते लहान मुलासारखे हसले. मला त्या दिवशी तुमच्या पाया पडायचं होतं. पण तुम्ही लगेच म्हणालात, “आता एम.कॉम.चा फॉर्म कधी भरतोस?” आणि ते राहिलं. आमच्या घरात आभार मानायची पद्धत नाही, आभार परक्यांचे मानतात. म्हणून पुढेही कधी जमलं नाही.

आता कालचं.

काल दुपारी शाळेत फोन आला. भैरवगढहून एक सून बोलत होती. तिचे सासरे छपाईचं काम करतात, ठसे मारून चादरी छापतात. घसरून पडले, कमरेचं हाड मोडलं. हॉस्पिटलने घरी पाठवलं. “सर, जमीन पर ही लिटा रखा है. करवट दिलाते हैं तो चिल्लाते हैं. सुना है आपके पास पलंग मिलता है?”

सगळे पलंग बाहेर आहेत. मी ओळखीच्या दोन संस्थांना फोन केले, एका हॉस्पिटलच्या स्टोअरमध्ये विचारलं, एका दुकानदाराची मनधरणी केली. तुम्ही सांगितलं होतं तशी धावपळ करून बघितली. कुठेच नव्हता. एकच होता. तुमच्या खोलीत.

मी तुमच्या घरी गेलो. काय करायचं ठरवून गेलो नव्हतो, खरंच. सीमाताईंनी दार उघडलं, त्या पुन्हा स्वयंपाकघरात गेल्या. मी आत आलो तर काका तुमच्या पलंगावर. डोकं वर केलेलं, पोटावर पेपर.

“ये, भाडेकरू. बस.”

मी बसलो. विचारलं, जेवलात का. म्हणाले, जेवलो. मी म्हणालो, ऊन वाढलंय. ते म्हणाले, वाढलंय. मग त्यांनीच सांगितलं, “या पलंगाची एक गंमत आहे. एकट्या माणसाला झोपल्यावर डोकं वर करता येत नाही. हँडल पायाशी. आधी वर करायचं, मग चढायचं. हे कळायला मला दोन दिवस लागले. तुझी काकू होती तेव्हा मीच फिरवायचो, तेव्हा कळलं नाही.”

मी मान खाली घातली.

“कोणाला हवाय?” काका म्हणाले.

“काय?”

“पाना दिसतोय खिशातून.”

मी भैरवगढचं सांगितलं. सगळं सांगून वर म्हणालो, “पण मी मागायला आलो नाहीये काका. काकूंचा नियम आहे.”

“आणि तुझं म्हणणं वेगळं होतं. माझ्या डोक्याशी बसून भांडायचात दोघं. आज भांड की.”

“कोणाशी?”

त्यांनी पेपराची घडी घातली, नीट, चार वेळा. मग म्हणाले, “नियम काय आहे? मागायचं नाही. बरोबर? तू मागितलास का?”

“नाही.”

“पाना खिशात ठेवणं म्हणजे मागणं नव्हे. मी देतोय. देऊ नये असा काही नियम केला होता का तिने?”

काकू, मी आठवून बघितलं. नव्हता केलात.

काका उतरले आणि बाजूच्या खुर्चीत बसले. मी नट खोलायला लागलो. तुमची उशी त्यांनी स्वतःच्या मांडीवर घेतली. मी एकदा थांबलो. तुमचंच वाक्य डोक्यात होतं: मागे राहिलेला माणूस नाही म्हणू शकत नाही, म्हणून मागायचं नाही. काका खरंच देत होते, की त्यांना नाही म्हणता येत नव्हतं? मी त्यांच्याकडे बघितलं. ते म्हणाले, “डावीकडचा नट आधी. उलटा खोलतोयस.”

लोडिंग रिक्षा आली. पलंग चढवला. आणि काका चपला घालून बाहेर. सीमाताई धावत आल्या, “बाबा, सुतक आहे! दुसऱ्याच्या घरी जायचं नसतं.”

“पलंगालाही सुतक आहे. तो चाललाय ना?”

“बाबा!”

“उंबऱ्याबाहेर थांबेन,” काका म्हणाले आणि ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले. मी मागे, पलंग धरून.

उंबऱ्याबाहेर ते थांबले नाहीत, हे तुम्हाला सांगायला नकोच. तिथे आधी त्यांनी त्या सुनेला आपल्या घरात सुतक असल्याचं सांगितलं. ती म्हणाली, “बाबूजी, हमारे यहाँ दर्द है, आप आ जाओ.” मी पलंग जोडत होतो आणि काका त्या घरच्या लोकांना शिकवत होते: हँडल हळू फिरवा, आधी पाय अडसराला टेकवा, मग डोकं वर करा, नाहीतर माणूस घसरतो. ग्रीस कुठे लावायचं. गादीखाली मधोमध जाड रजई घाला, तिथे खड्डा पडतो. तुमच्या सगळ्या तक्रारी, एकही न विसरता. हे सगळं त्यांनी कधी ऐकलं होतं? मला तर वाटायचं ते पेपर वाचतायत.

चौघांनी त्या म्हाताऱ्यांना उचलून ठेवलं. निळीने रंगलेली बोटं, चेहरा वेदनेने आवळलेला. काकांनी हँडल फिरवला. पाठ हळूहळू वर आली, आणि त्या माणसाने कितीतरी वेळाने श्वास सोडल्यासारखा सोडला. मग काकांकडे बघून विचारलं, “पहले किसके पास था ये?”

“हमारे घर में था.”

“वो ठीक हो गए?”

काकांचा हात हँडलवर तसाच राहिला. “हाँ,” ते म्हणाले. “अब कोई तकलीफ नहीं है.”

“भला हो आपका. आप संस्था से हो?”

मी पाना हातात घेऊन उभा होतो. काकांनी माझ्याकडे बघितलं, मग त्या म्हाताऱ्यांकडे. चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

“हाँ जी,” ते म्हणाले. “नया हूँ.”